सुमेध, तुझी ठोक्यांची डबी

सुमेध, तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी मी स्टुडिओचं शटर वर केलं, तुझा लॅपटॉप आणि माझा कॉम्प्युटर चालू केला, तुझ्या आबांचं गाणं उघडलं आणि प्ले दाबलं. काहीच वाजलं नाही. बाहेरून ठोका येण्याची वाट बघतोय, अशी खूण तेवढी दोन्ही पडद्यांवर लुकलुकत राहिली. चौथ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. सकाळी यायचं, प्ले दाबायचं, दोन मुक्या यंत्रांसमोर बसून राहायचं आणि दुपारी शटर ओढून घरी जायचं. परभणीच्या जिंतूर रोडवरच्या या खोलीत आपण अकरा वर्षं काढली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिची एकुलती एक खिडकी आपणच विटा लावून बुजवली. ती बुजवायला नको होती, असं मला या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं.

वाजवायचं तर होतंच, कारण मी शब्द देऊन बसलो होतो. तुला पोचवून आल्यावर मी झरीत तुमच्या घरासमोर, रस्त्यावरच, मोटारसायकलला टेकून उभा होतो. वैशाली बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, सगळं संपलं असावं. "भाऊ, जलदानाला आबांचं गाणं वाजवा. त्यांनी लय जीव लावला होता त्याला," एवढंच म्हणाली. मी हो म्हणालो. तुझ्या बायकोला त्या दिवशी मी काहीही हो म्हणालो असतो. जलदान विधी उद्या आहे.

लोकांना वाटतं, गाणं म्हणजे एक बटन. आपल्याकडे गाणं दोन घरांत राहायचं. ताल तुझ्या लॅपटॉपवरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, कारण हलगी, ढोलकी, संबळ असे सगळे आवाज तू गावोगाव हिंडून त्यातच साठवले होतेस आणि ते दुसरीकडे हलवायला तू तयार नव्हतास. गाणाऱ्याचा आवाज माझ्या कॉम्प्युटरवर. दोघांची घड्याळं वेगळी. सुरुवातीला आपण 'एक, दोन, तीन' म्हणून एकदम बटन दाबायचो, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत ढोलकी पुढे आणि गाणारीण तिच्या मागे धावतेय, असं व्हायचं. त्या एका हळदीच्या गाण्यात तर तिने शेवटच्या दोन ओळी श्वास न घेता म्हटल्यात असं वाटत होतं, आणि नवरदेवाच्या मामाने "लय जोशात झालंय" म्हणून उलट आपल्या दोघांची पाठ थोपटली. तू पायरीवर जाऊन बसलास आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास. माझ्या चुकीवर इतकं मनापासून हसणारा दुसरा माणूस आता मला मिळायचा नाही.

मग दोन्ही यंत्रं वायरीने जोडायची युक्ती मला कळली. एकाने ठोका द्यायचा, दुसऱ्याने तो ऐकून चालायचं. पुढे चालणारा माझा कॉम्प्युटर आणि मागे चालणारा तुझा लॅपटॉप, हे मी ठरवून टाकलं. तुला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि तो दिवस. त्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून आता बोलतो. झरीचंच भजनी मंडळ रेकॉर्डिंगला आलं होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "ह्या दोघांना एकमेकाचं कसं काय कळतंय?" पडद्यावर मागच्या यंत्रासाठी इंग्रजीत जो शब्द यायचा त्याचा सरळ अर्थ गुलाम. मी आपलं मराठी करून सांगितलं, "सोपं हाय. माझा कॉम्प्युटर मालक, सुम्याचा सालगडी. मालक निघाला की गड्यानं मागं निघायचं." सगळे हसले. तुझ्या वडिलांनी आमच्या शेतात एकवीस वर्षं सालगडी म्हणून काढली, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून जरा जास्तच हसले. तूही हसलास. तू हसलास म्हणून मी मोकळा झालो, आणि त्या हसण्याच्या आडोशाला सहा वर्षं राहिलो.

त्यानंतर आठवडाभरात तू नांदेडला जाऊन आलास, ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्या त्या तुझ्या ओळखीच्या माणसाकडे. येताना गुलाबी साबणाची डबी घेऊन आलास. खरोखर साबणाचीच. आत काहीतरी बसवलेलं, वर एक बटन, एक हिरवा दिवा, बाजूने दोन वायरी. एक वायर तुझ्या यंत्राला, एक माझ्या. डबीवर बोटाने ठोका द्यायचा आणि दोन्ही यंत्रांनी तो पाळायचा. बोट थांबलं की दोघांनीही थांबायचं. दिलेले ठोके ती ध्यानात ठेवायची, पण तिची वीज चालू असेपर्यंतच. वीज तुटली की सगळं पुसून कोरं.

"कशाला हा उपद्व्याप?" मी म्हणालो. "एकाला पुढं ठेवलं की भागतंय."

"तुजं माज्यामागं नको आन् माजं तुज्यामागं नको," तू वायरी जोडता जोडता म्हणालास. "दोघांनी बी हिचं ऐकायचं."

"म्हणजे दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ."

"भांडण कुठाय?" तू म्हणालास, आणि वर बघितलं नाहीस.

मी त्या डबीची येता-जाता टिंगल केली. गिऱ्हाइकांना म्हणायचो, आमच्याकडे गाणी साबण लावून धुऊन मिळतात. तू डबीवर ठोके देत राहायचास. पण डबी वापरायला लागल्यापासून आपली गाणी सुधारली, हे मी कबूल केलं नाही तरी मला ऐकू येत होतं. पूर्वी ताल घड्याळासारखा चालायचा, आता माणसाच्या बोटासारखा चालायला लागला. लोक लांबून यायला लागले, ते माझ्या महागड्या माईकसाठी येतात असं मी समजत राहिलो. ते तुझ्या बोटासाठी यायचे. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू मला दिवसभर चहा पाजायला लावला असतास, आणि मी पाजला असता.

आबांचं गाणं हा तुझा हट्ट. आमच्या शेतात औत हाकताना तुझे वडील जे म्हणायचे ते. मीही तेच ऐकत लहानाचा मोठा झालो, तू एका बांधावर आणि मी दुसऱ्या. 'हळू चाल पाखऱ्या, नको हिसडा देऊ जुवाला, बांधावर माजं लेकरू, आत्ता डोळा लागला त्याला.' पाखऱ्या म्हणजे आमचा बैल. लेकरू म्हणजे तू. आई रोजंदारीला गेली की तुला बांधावरच्या बाभळीखाली निजवून ते औताचा तास धरायचे, आणि तुझी झोप मोडू नये म्हणून बैलाला गाण्यात समजावायचे. कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडातच होतं, आणि त्यांचं वय झालं होतं.

तू त्यांना स्टुडिओत आणलंस. त्यांनी चपला खाली, रस्त्यावरच्या पहिल्या पायरीशी काढल्या आणि अनवाणी वर आले. तू खुर्ची पुढे केलीस. "बसा आबा." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मालकासमोर?" आणि माईकच्या स्टँडपाशी खाली फरशीवर बसले. तू माझ्याकडे बघितलंस. आता मला कळतं की तू कशाची वाट बघत होतास. मी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवायला हवं होतं, किंवा निदान 'बसा' म्हणायला. मी काय केलं? स्टँडचा स्क्रू सैल केला आणि माईक खाली घेतला. थेट फरशीपर्यंत. आपण म्हाताऱ्या माणसाची केवढी सोय केली, असं वाटून मी वर खूषसुद्धा झालो. मग काचेपलीकडे जाऊन बसलो आणि म्हणालो, "किसन, जरा मोठ्यानं म्हण."

सत्तरी ओलांडलेला माणूस. मी चार वर्षांचा असल्यापासून त्यांना किसन म्हणत आलो, कारण आमच्या घरात सगळे तसंच म्हणायचे. तुझ्या कानाला हेडफोन होता. म्हणजे ते वाक्य तू आपल्या खोलीतल्या सगळ्यात स्वच्छ आवाजात ऐकलंस.

त्यानंतर आठ महिने आपण गाण्यावर भांडलो. आबा कुठे पुढे जायचे, कुठे एखाद्या शब्दावर रेंगाळायचे. मी म्हणायचो, आवाज कापून सरळ तालात बसवू, एका दिवसाचं काम आहे. तू म्हणायचास, "आबाला कापायचं न्हाई."

"अरे येड्या, मग ताल कसा बसंल? सगळ्या जगात गाणारा तालामागं चालतो."

"ताल जाईल की आबामागं. एकदा तरी कुनीतरी जाऊ दे."

मला वाटायचं आपण तालाबद्दल बोलतोय.

मग तुझा तो फोन. "विन्या, आज घरी मोबाईलवर आबाचा आवाज लावून डबीवर ठोकून घेतलं. आबा बी शेजारीच बसले होते. दीड कडवं झालं. अंगात कणकण हाय, उरलेलं उद्या. डबी बंद करू नका, हलवू नका म्हनून सांगून ठेवलंय घरी." मी काय म्हणालो, आठवतंय? "माझं ऐकून कापलं असतं तर एव्हाना गाणं वाजलं असतं." तू हसून फोन ठेवलास. ताप चढला, दवाखाना झाला, आणि पाचव्या दिवशी तू नव्हतास. मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते आहे. दुसरं कुठलं तरी असेल म्हणून मी फोन चाळून बघितला. नाही.

आता खरं सांगतो. माझी सुटका अवघ्या दोन क्लिकवर होती. माझ्या कॉम्प्युटरला सांगायचं, बाहेरचं ऐकू नको, तूच ठोका दे. आणि तुझ्या लॅपटॉपला सांगायचं, ह्याच्या मागे चाल. आबांचा आवाज कापून सरळ लावायचा, तुझी हलगी त्याखाली ठेवायची. तासाभराचं काम. उद्याच्या मंडपात कुणाला काही कळलं नसतं. मी रोज माउसचा बाण त्या जागेवर नेत होतो आणि माझा हात तिथे अडकत होता. मालक पुढे, गडी मागे, हेच मी तू नसताना पुन्हा लावून टाकणार होतो, आणि नको म्हणायला तू नव्हतास. ते करवतही नव्हतं आणि केल्याशिवाय दिलेला शब्दही पाळता येत नव्हता.

मग झरीला जाऊन डबी बघायची ना? त्यासाठी माझ्याकडे चांगलं कारण तयार होतं. इतक्या दिवसांत खेड्यातली लाईट किती वेळा गेली असेल, ठोके केव्हाच पुसले असतील, कशाला जाऊन त्या लोकांना त्रास द्यायचा. खरं कारण तुला माहीत आहे. अकरा वर्षांत मी तुमचा उंबरा ओलांडला नव्हता. रस्त्यावरून हॉर्न वाजवायचो आणि तू बाहेर यायचास. मला कुणी आत नको म्हटलं नव्हतं. तू सुरुवातीला दोनदा "चहा घेऊन जा" म्हणालास, मी दोनदा घाईत होतो, नंतर तू म्हणणं सोडलंस.

काल सकाळी गेलो. सवयीने हात हॉर्नवर गेला आणि मला स्वतःचीच भीती वाटली. गाडी लावली, चपला काढल्या आणि आत गेलो.

तुमच्या खोलीत तुझ्या फोटोसमोर मेणबत्ती होती आणि कोपऱ्यात फवारणीचा बॅटरी पंप. त्या पंपाच्या बॅटरीला वायर, वायरीच्या टोकाला गुलाबी साबणाची डबी. हिरवा दिवा चालू होता. मला पाहून आबा भिंतीला धरून उठले.

"लाईटीचा भरवसा न्हाई म्हनून दवाखान्यात जायच्या आधी त्यांनीच पंपाला जोडून ठेवली होती," वैशाली म्हणाली. "आबा तिथून हलंनात. बॅटरी उतरली की पंप चार्जिंगला लावायलेत. रानात फवारणी तुंबली तरी पंप कुनाला देऊ देइनात."

"दोघांचं बी काम थांबतं म्हनला होता, मालक," आबा म्हणाले. "इझू नका देऊ म्हनला. म्हनून इझू देल्ली न्हाई."

पोरगा दवाखान्यात होता तेव्हा आणि पोरगा गेला तेव्हाही त्या माणसाने तो दिवा जागता ठेवला, कारण माझं काम थांबायला नको. आणि मी इकडे बुजवलेल्या खिडकीच्या खोलीत बसून, दिवा गेला असेल असं स्वतःला पटवत होतो.

डबीची वायर ढिली होती, हलवायची हिंमत नव्हती. म्हणून मी परत परभणीला आलो, भावाची गाडी घेतली, माझा कॉम्प्युटर आणि तुझा लॅपटॉप दोन्ही मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून ठेवले आणि पुन्हा झरीला गेलो. तुमच्या घरात फरशीवर दोन्ही मांडले. वैशालीने खुर्ची आणली. आबा म्हणाले, "मालक, खुर्चीवर बसा." मी खालीच बसलो. तसे ते सरकून उंबऱ्याजवळ जाऊन बसले. मी जितका त्यांच्याकडे सरकलो तितके ते मागे सरकले. शेवटी मागे दारच आलं आणि आम्ही दोघं तिथे थांबलो.

वायरी जोडल्या. डबी तिच्यातले ठोके सोडायला लागली आणि दोन्ही पडदे एकदम चालू झाले.

सुमेध, ते तुझं बोट होतं. हलगी आबांच्या मागे मागे चालत होती. 'लेकरू' या शब्दावर ते रेंगाळतात, मी आठ महिने जिथे कापायला बघत होतो तिथे, तिथे तुझा ठोका थांबून राहिला होता आणि त्यांनी श्वास घेतल्यावरच पडला. मी चूक होतो. हे मी तिथे मोठ्याने म्हणालो. वैशालीने पदर तोंडाला लावला. आबा नुसते मान हलवत होते, तास सरळ चाललाय की नाही हे बघितल्यासारखे.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तुझे ठोके संपले. हलगी थांबली, आवाज थांबला, दोन्ही पडदे थांबले.

"बंद पडलं का, मालक?"

"नाही. वाट बघायलंय."

"कुनाची?"

"ठोक्याची. सुमेधनं इथवरच दिलं होतं."

आबांनी उजवा हात धोतराला दोनदा पुसला. "कुठं दाबायचं?"

मी बटन दाखवलं. काठी धरून धरून त्यांचं बोट वाकडं झालंय, ते त्या लहान बटनावर नीट बसेना. मी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांनी स्वतःच बसवलं आणि पहिला ठोका दिला. त्यांचाच आवाज सुरू झाला, त्याखाली तुझी हलगी, आणि माझा कॉम्प्युटर त्या दोघांच्या मागे निघाला. उरलेलं दीड कडवं त्यांनी एकही ठोका न चुकता दिलं. सगळं मी टिपून घेतलं आहे. कापलेलं काही नाही. उद्या वाजेल.

निघताना मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. 'काका' हा शब्द मी दिवसभर तोंडात धरून होतो आणि तो निघत नव्हता. शेवटी कसाबसा म्हणालो, "काका, मला मालक म्हणू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी चुकलं का आपलं, अशी भीती त्यांच्या तोंडावर आली. मग हात जोडले.

"बरं मालक," ते म्हणाले, "न्हाई म्हनत."